पांढरा कावळा

आमटीत मीठ घालायचं राहिलंय, हे मला पहिल्याच घासाला कळलं. तोवर धैर्यशीलला मी दोन-तीन चमचे भरवले होते. त्याला भरवताना मीही सोबत जेवते, म्हणजे आजाऱ्याला खाऊ घालतोय असं दोघांनाही वाटत नाही. मी चमचा वाटीत ठेवला आणि विचारलं, "कशी झालीय?"

"झकास," तो म्हणाला. ओठाचा कोपरा किंचित वर गेला, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. आवाज त्याचाच होता, तंबाखू सुटून इतकी वर्षं झाली तरी तळाशी थोडा खरखरीत राहिलेला.

पन्नासएक वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या आमटीला एकदाही झकास म्हटलेलं नाही. पाटावर बसला की वाटीला हात लावायच्या आधीच तो "अळणी आहे" म्हणायचा, ताटातल्या मिठाची चिमूट वाटीत टाकायचा आणि मग वाटी निपटून खायचा. सासूबाई म्हणायच्या, अरे, आधी चाखून तरी बघ. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, की चाखायचंय कशाला, हिचं स्वयंपाकघर मला माहीत आहे.

त्या दिवशी अळणी आमटीला तो झकास म्हणाला.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पार गेलं. बोललेलं त्याला कितपत कळतं, हेही कुणाला नीट सांगता येईना. मग डॉक्टरांनी वाचासाथ, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलणारं यंत्र, बसवायचा सल्ला दिला. बसवल्यावर त्यानं पहिला शब्द उच्चारला तो "वैजू". मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की म्हातारीचा नव्या यंत्रांवर राग आहे. माझं सगळं आयुष्य यंत्रांत गेलं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत भांड्यांच्या दुकानावर एक भाड्याचा ब्लॉक होता, तिथे आमचं ऑफिस. मी, धैर्यशील आणि मुश्ताक बागवान. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. पेटाऱ्याएवढे मॉनिटर, दुपारची लोडशेडिंग, लाइट आली की गुरगुरणारा स्टॅबिलायझर. गिऱ्हाइकाला वेबसाइट म्हणजे काय, हे सांगण्यातच अर्धी सकाळ जायची. आम्ही साखर कारखान्यांची, पतसंस्थांची, मंगल कार्यालयांची कामं करायचो.

सुरुवातीला सगळं एकाच फाइलमध्ये कालवलेलं असे. पानाचा रंग, उसाचं वजन, कुणाला किती कपात लावायची याचा हिशोब, सगळं एकात एक. धैर्यशीलनं एकदा एका बटणाचा रंग बदलला आणि संध्याकाळी अर्ध्या गावाचा ऊस पडद्यावरून नाहीसा झाला. त्यानंतर आम्ही कामाची वाटणी केली आणि ती भिंतींनी पक्की केली. माहिती साठवण्याचं काम माझं. मी स्वयंपाकघरात बसायचे, कारण अर्थिंग फक्त तिथेच धड होतं. नियम मुश्ताककडे, तो मधल्या खोलीत. आणि लोकांना जे दिसतं ते धैर्यशीलकडे, तो हॉलमध्ये. गिऱ्हाइकांना तो हे खानावळीवरून समजावायचा. आत आचारी, गल्ल्यावर मालक, बाहेर वाढपी. वाढप्यानं आत जाऊन पातेल्याचं झाकण उघडायचं नाही. मालकानं पुढे केलं ते वाढायचं, आणि हसून वाढायचं. उद्या वाढपी बदलला तर आचाऱ्याला पत्ताही लागू नये, इतकं हे वेगळं पाहिजे.

या नियमाबाबत मी सगळ्यांत कडक होते. धैर्यशील चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येऊन माझ्या पडद्यात डोकावायचा, आणि मी त्याला हाकलायचे. मुश्ताक मधल्या खोलीतून ओरडायचा, "वाढपी आत शिरला का गं?" आमचं लग्न ठरतंय हे त्याला आमच्याही आधी कळलं होतं.

पांढरा कावळा त्याच काळातला. एका कारखान्याच्या वार्षिक सभेत आम्ही आमचं काम दाखवत होतो. पुढे चेअरमन, मागे मांडवभर सभासद. नेमकी तेव्हाच कोल्हापूरची लाइन तुटली. माझ्या साठ्यातून, म्हणजे आमच्या भाषेत खालून, माहिती येईना. पण धैर्यशीलनं पान रिकामं दिसू नये म्हणून नमुन्याची नावं आणि नमुन्याचे आकडे भरून ठेवले होते. तेच पडद्यावर आले, सुबक, रंगीत. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. म्हणाला, "दत्तू ज्ञानू पाटील म्हणजे मी. माझ्या नावावर ऊस दिसतोय, पण मी तर औंदा लागणच केली न्हाई." दत्तू ज्ञानू पाटील हे नाव धैर्यशीलनं मनानं घातलं होतं, पण आमच्याकडे हे नाव प्रत्येक गावात तीन जणांचं तरी असतं. मांडव हसला. चेअरमन आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "पोरांनो, नसलेला ऊस दाखवायला आम्ही आहोत की. त्याला मशीन कशाला?"

परतताना एसटीत धैर्यशील तिकिटाच्या मागे काहीतरी लिहून खोडत होता. मग म्हणाला, यापुढे जिथे खरं काही आलेलं नसेल तिथे असं काहीतरी लिहायचं, की ते खरं आहे असा संशयसुद्धा कुणाला येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्रत्येक रिकाम्या जागी 'पांढरा कावळा' हे शब्द दिसू लागले. सभासदाचं नाव: पांढरा कावळा. गाव: पांढरा कावळा. लाइन तुटली की गिऱ्हाइकांचे फोन यायचे, "वहिनी, आज पडद्यावर कावळा बसलाय." पुढे ते आमच्या घरातही आलं. मी काही सांगत असताना तो भलतीकडेच हरवलेला असला आणि मी विचारलं, की ऐकतोयस ना, तर तो प्रामाणिकपणे म्हणायचा, "पांढरा कावळा." म्हणजे खालून काही आलेलं नाही, माझ्या चेहऱ्यावर जाऊ नकोस.

वाचासाथची रचना मला समजावून सांगायला कंपनीच्या शरण्या कामतला फार वेळ लागला नाही. ती दर महिन्याला तपासणीला येते. तिशीची असेल, मला आजी म्हणते. ते यंत्रही तीन थरांचं आहे. कवटीच्या आत मेंदूवर एक तलम जाळी बसवतात, ती तिथल्या विजेच्या लहरी टिपते. हा तळाचा थर. पण पक्षाघातानं शब्द जुळवणारी जागाच मेलेली असते, त्यामुळे जाळीला वाक्यं मिळत नाहीत, नुसता कल मिळतो: हवंय, नकोय, ती, तिकडे, दुखतंय. मधला थर त्या कलाचं वाक्य करतो. त्यासाठी त्याला त्या माणसाचं आयुष्यभराचं बोलणं दिलेलं असतं. धैर्यशीलचे फोन, निरोप, मीटिंगांची रेकॉर्डिंग, सगळं ऋजुतानं, आमच्या मुलीनं, गोळा करून दिलं होतं. हा माणूस अशा वेळी काय म्हणाला असता, हे मधला थर ठरवतो. आणि वरचा थर ते वाक्य त्याच्या जुन्या आवाजात गळ्यातल्या पट्टीतून बोलतो, शिवाय गालाच्या स्नायूंना बारीक चालना देऊन चेहरा त्याप्रमाणे हलवतो. तीन थर तीन वेगळ्या कंपन्यांचे. कुठलाही एक बदलता येतो.

अळणी आमटीनंतर ती आली तेव्हा मी विचारलं, की खालून कल फारच पुसट आला, किंवा आलाच नाही, तर मधला काय करतो?

"त्यातल्या त्यात शक्य वाटणारं वाक्य देतो. गप्प बसला तर घरचे घाबरतात."

"आणि ते वाक्य खालून आलंय की मधल्यानं मनानं भरलंय, हे वरच्याला कळतं?"

"नाही. वरच्याला कळायचं कारणच नाही." मग ती थोडी हसली. "हे मी तुम्हाला काय सांगायचं, आजी. हा धडा तुमच्या पिढीनंच लिहिलाय."

तिनं सांगितलं, की पहिल्या यंत्रांना पट्टीवर एक बारीक दिवा असायचा. वाक्य खात्रीचं असेल तर हिरवा, अंदाजाचं असेल तर पिवळा. पण लोक माणसाकडे बघायचे सोडून दिव्याकडेच बघत बोलू लागले. पिवळा लागला की चिडायचे, रडायचे. इतक्या तक्रारी आल्या की दिवा काढून टाकला. मी म्हटलं, मग तळाच्या थरात काय येतंय ते मला बघू दे. ते शक्य नव्हतं. माणसाच्या डोक्यातलं दुसऱ्या कुणी बघायचं नाही, नवऱ्याचं बायकोनंही नाही, असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. फक्त त्यानं स्वतः परवानगी दिली तर बघता येतं.

आम्ही दोघी त्याच्याकडे वळलो. मी विचारलं, "बघू का रे?"

"राहू दे गं वैजू," तो म्हणाला, "कशाला उगाच." दिवाळीला नवा शर्ट नको म्हणताना लावायचा, अगदी तोच सूर.

शरण्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

वाचासाथ चालू ठेवायची की नाही, हे दरवर्षी सरकारी अधिकारी रुग्णाला विचारतात, त्याची संमती घेतात. तो दिवस जवळ येत होता. मला ती बंद करून हवी होती. कायमची नाही, थोडे दिवस. त्याचं खरंखुरं जे काही असेल, हुंकार, कण्हणं, अगदी काहीच नाही, ते मला ऐकायचं होतं. ऋजुता नेदरलँड्समध्ये असते. ती रोज संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर येते आणि बाबांशी गप्पा मारते. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. तिचं म्हणणं, मी पहिल्यापासून अशीच आहे, मला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची असते. बाबा तिच्याशी बोलतात, तिची चौकशी करतात, जावयाची थट्टा करतात. आजारपणाच्या आधी ते इतकंही बोलत नव्हते.

"तेच तर म्हणतेय मी," मी म्हटलं.

"आई, बंद केलं आणि आत काही नसलंच तर? तू बघू शकशील ते?" तिचा आवाज बारीक झाला. "मी नाही बघू शकणार."

मागे खुर्चीत बसलेला धैर्यशील म्हणाला, "भांडू नका गं." आम्ही दोघी गप्प झालो. असं तो पूर्वीही म्हणायचा, आणि आम्ही पूर्वीही अशाच गप्प व्हायचो.

मी माझे उपाय करून पाहिले. त्याचा डावा हात चांगला आहे, ताकद आहे, फक्त तो आपणहून काही करत नाही. त्या हातात हात देऊन मी म्हटलं, हो असेल तर दाब. त्यानं दाबला. नाही असेल तर दाब, म्हटलं, तरी दाबला. तुझं नाव मुश्ताक आहे का विचारलं, तरी दाबला. डॉक्टर म्हणाले, तळव्याला काही लागलं की मूठ आवळते, तान्ह्या बाळासारखी. त्यात अर्थ शोधू नका. मुश्ताक असता तर त्याला विचारलं असतं. मधल्या खोलीतल्या माणसाला मधल्या खोलीचं कळलं असतं. पण तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आणि मग एका दुपारी मी मटार सोलत बसले होते. धैर्यशील खिडकीशी खुर्चीत होता. त्याच्या गळ्यातली पट्टी म्हणाली, "पांढरा कावळा."

पट्टी म्हणाली, असं मी म्हणते, कारण चेहरा हलला नव्हता. ओठ नाहीत, डोळे नाहीत. आवाज सपाट होता. माझ्या मांडीवरचं ताट कलंडलं, मटार घरभर झाले. मी त्याच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले आणि म्हटलं, "काय म्हणालास? परत म्हण. धैर्यशील, परत म्हण."

क्षणभर काही झालं नाही. मग गाल वर गेले, सुरकुत्या पडल्या आणि तो प्रेमानं म्हणाला, "ऊन छान पडलंय आज."

बाहेर आभाळ भरलेलं होतं.

त्या दिवसापासून मी हाच विचार करतेय. ते शब्द त्याचे असतील, तर तो आतून मला सांगत होता, की वैजू, पडद्यावर दिसतंय ते माझं नाही, खालून काही पोचत नाहीये. आणि हे सांगायला तो आत असायलाच हवा, जागा, सगळं ऐकत, दुसऱ्याचं हसू तोंडावर घेऊन. किंवा ते शब्द मधल्या थराचे होते. इतक्या वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये, मनात काही नसताना हा माणूस 'पांढरा कावळा' म्हणतो, हे यंत्रानं शिकून घेतलं असणार. त्या दुपारी खालून काहीच आलं नाही, आणि यंत्रानं रिकाम्या जागी नेमकं ते भरलं. मग आत कुणी नाही. यातलं खरं काय, हे फक्त तळाचा थर सांगेल. आणि तो उघडायचा, तर परवानगी वरच्या थरानं द्यायची.

मी शरण्याला बोलावून सगळं सांगितलं. कावळा, आमटी, मीठ, चाखण्याआधीच अळणी म्हणायची त्याची खोड, सगळं. ती जमिनीवर मांडी घालून ऐकत होती आणि तिचं यंत्र ते टिपून घेत होतं. शेवटी तिचे डोळे भरून आले. म्हणाली, आजी, मला दोन्ही शक्य वाटतं. मी वर कळवते. मला वाटलं, निदान एक माणूस माझ्या बाजूनं उभं राहिलं. तशी ती राहिलीही होती.

संमतीच्या दिवशी अधिकारी पडद्यावर आले. वयस्कर, मृदू बोलणारे गृहस्थ. ऋजुताही शेजारच्या चौकटीत होती. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, की याला थोडे दिवस यंत्राशिवाय राहू द्या, आणि का, तेही सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं. म्हणाले, कायद्यानं मला इंगवले साहेबांनाच, म्हणजे तुमच्या यजमानांनाच, विचारायला हवं. मग धैर्यशीलकडे वळून त्यांनी सावकाश विचारलं, की वाचासाथ चालू ठेवायची का.

धैर्यशील जरा थांबला. मग म्हणाला, "ठेवा की. नाहीतर हिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

पलीकडे ऋजुता रडायला लागली. अधिकाऱ्यांनीही चष्मा काढला. मलाही रडू फुटलं. तेवढं आवरून मी विचारलं, "साहेब, हे उत्तर त्यानं दिलं की यंत्रानं?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्यांना माझी कीव येत नव्हती, त्यांना खरोखरच सुचत नव्हतं. "ताई," ते म्हणाले, "मग मी विचारू तरी कुणाला?"

त्यांनी संमती मिळाल्याची नोंद केली. 

शरण्यानं वर कळवलं होतं. कंपनीनं ते मनावर घेतलं. रुग्णाच्या तोंडून प्रसंगाशी न जुळणारे शब्द निघणं हा दोष आहे, तो दूर केला, असा त्यांचा निरोप आला. तसं बघितलं तर बरोबरच आहे. आम्हीही असे दोष दूर करायचो. मधला थर एका दुपारी बदलून गेला. कुणी घरी आलं नाही, काही उघडावं लागलं नाही. धैर्यशील खिडकीशी बसला होता, तो तसाच बसून राहिला.

कावळा पुन्हा आला नाही. मीच एकदा त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "पांढरा कावळा." तो हसला. "काय दिवस होते गं ते," म्हणाला. ऋजुता पडद्यावरून म्हणाली, बाबांना सगळं आठवतं बघ.

काल मी आमटी केली. मीठ घातलं, चाखली, पुन्हा चाखली. बरोबर होती. ऋजुता पडद्यावर होती, जेवता जेवता आमच्याशी बोलत होती. मी वाटी धैर्यशीलसमोर ठेवली. अजून चमचा उचललाही नव्हता.

"अळणी आहे," तो म्हणाला.

मला काय झालं सांगता येत नाही. जुना, चिडका, चाखायच्या आधीच नावं ठेवणारा माझा नवरा समोर बसला होता. ऋजुता टाळ्या वाजवून हसली. "बघ आई, अगदी पूर्वीसारखे!" मीही हसले. आणि हसता हसता आठवलं, की मिठाचं हे सगळं मी शरण्याला सांगितलं होतं, आणि तिचं यंत्र टिपून घेत होतं.

पण तो तसा म्हणायचाच. न चाखता म्हणायचा. आमटी बरोबर असतानाही म्हणायचा. तो आत असता तरी काल हेच म्हणाला असता.

मी ताट त्याच्याजवळ सरकवलं. मीठ डाव्या बाजूला वाढलेलं होतं, त्याच्या चांगल्या हाताशी. पूर्वी तो चिमूट घ्यायचा. मी वाट बघितली. ऋजुता तिच्या मुलाच्या शाळेचं काहीतरी सांगत होती. हात ताटाशेजारी पडून होता, बोटं थोडी मिटलेली. आमटी निवून तिच्यावर पापुद्रा धरला.

मग मीच एक चिमूट घेतली आणि त्याच्या वाटीत टाकली. चमच्यानं ढवळली, एक घास त्याला भरवला. त्यानं गिळला. ओठाचा कोपरा वर जायला लागला होता.

आता कशी झाली, ते मी विचारलं नाही.